टेबलक्लॉथवर आमटी सांडली की: हट्टी डाग काढण्याचा क्रम, पहिल्यांदाच घर थाटलेल्यांसाठी

डाग काढण्याचे ऑनलाइन सल्ले शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी रेड वाइन आणि गवताचे डाग भेटतात. पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर सांडतं ते वेगळंच: फोडणीची आमटी, मिसळीचा कट, लोणच्याचा खार, एप्रिल-मेमध्ये आमरस आणि बारा महिने चहा.

हे डाग एकेरी नसतात. आमटीच्या एका थेंबात तेल असतं, त्या तेलात उतरलेली हळद असते, डाळीचं प्रथिन असतं, गूळही असतो. म्हणून 'अमक्या डागावर तमकं लावा' असा एका ओळीतला उपाय क्वचितच पुरतो. इथे क्रम महत्त्वाचा. आधी वर पडलेला ऐवज उचलायचा, मग प्रथिन आणि साखर थंड पाण्याने काढायची, मग तेल, आणि रंग सगळ्यात शेवटी. नवखी माणसं नेमकं उलट करतात. पिवळं दिसतं म्हणून थेट ब्लीच ओततात. तेल जागच्या जागी राहतं आणि तेलाच्या आड बसलेल्या रंगापर्यंत ब्लीच पोचतच नाही.

सांडल्यावरची पहिली पाच मिनिटं

जेवणं आटोपेपर्यंत थांबू नका. चमच्याच्या कडेने किंवा बोथट सुरीने सांडलेलं उचला, आणि हात डागाच्या कडेकडून मध्याकडे न्या, नाहीतर डाग पसरतो. मग जुन्या पांढऱ्या सुती फडक्याने टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. पुसलं की तेल धाग्यांत आणखी खोल जातं. फडकं पांढरंच घ्या, कारण रंगीत फडक्याचा रंग ओल्या कापडावर उतरू शकतो आणि मग एकाचे दोन डाग होतात.

तेलकट डाग असेल तर लगेच वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. पाहुणे बसलेले असताना एवढं करून त्यावर ताटली ठेवली तरी चालतं, बाकीचं नंतर. मीठ ओता, असं टेबलावरचं कोणीतरी सांगणारच. मीठ थोडी ओल शोषतं. तेलावर त्याचा फारसा उपयोग नाही.

गरम पाणी मात्र या टप्प्यावर नको. दूध, दही, अंडं, डाळ यांतलं प्रथिन उष्णतेने गोठतं आणि धाग्याला चिकटून बसतं. पहिलं पाणी नेहमी थंड, तेही कापडाच्या उलट्या बाजूने सोडायचं, म्हणजे डाग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर ढकलला जातो.

कापड कुठलं आहे ते आधी बघा

साधं पांढरं सुती किंवा लिननचं कापड बरंच काही सोसतं: गरम पाणी, सोडा, ऊन, प्रसंगी क्लोरीनचं ब्लीचसुद्धा. पॉलिस्टर आणि सुतीच्या मिश्र कापडावर पाण्याचे डाग कमी बसतात, पण तेल मात्र ते घट्ट धरून ठेवतं. त्यावर भांड्याचं लिक्विड दोनदा लावायची तयारी ठेवा.

खणाचा किंवा रेशमी काठाचा टेबल रनर ही वेगळी जात. रेशमावर धुण्याचा सोडा, ऑक्सिजन ब्लीच, क्लोरीन ब्लीच यांतलं काहीही वापरू नये. ही कापडं शोभेची आहेत; जेवण वाढताना ती उचलून ठेवणं हाच खरा उपाय. आजीच्या हातचे क्रोशाचे रुमाल असतील तर ते चोळू नका, पिळूही नका. थंड पाण्यात बुडवून हातानेच दाबून काढा, आणि वाळवताना टॉवेलवर सपाट पसरा. टांगले तर विणीचा आकार जातो.

तुळशीबागेतून किंवा लक्ष्मी रोडवरून आणलेलं गडद लाल, निळं ब्लॉकप्रिंटचं कापड रंग सोडतं असंच धरून चाला. तपासणं सोपं आहे. आत दुमडलेल्या शिवणीवर जे काही वापरणार आहात त्याचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर ते द्रावण त्या कापडाला लावायचं नाही.

घरात काय असावं

फार नाही. भांडी घासायचं लिक्विड, एन्झाइमवालं (प्रथिनासारखे डाग तोडणारे घटक असलेलं) कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट, व्हॅनिशसारखी ऑक्सिजन ब्लीचची पावडर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा (हे दोन वेगळे, डबे वेगळे ठेवा), लिंबं किंवा पांढरं व्हिनेगर, टाल्कम पावडर, जुना मऊ टूथब्रश. औषधाच्या दुकानातून स्पिरिट (म्हणजे अल्कोहोल) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. दुकानात पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं; कापडासाठी त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करावं. लेबल वाचल्याशिवाय मिसळू नका, आणि हातात रबरी मोजे असू द्या.

जे लागत नाही तेही सांगतो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यांनी धागे खरबरीत होतात आणि पुढचा डाग तिथेच जास्त धरतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून उठवलेला फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांचं काम मारून टाकतात. उरतं ते जवळपास खारट पाणी. वापरायचे तर वेगवेगळे, मधे स्वच्छ धुऊन.

आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. क्लोरीनचं ब्लीच व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही. बंद बाथरूममध्ये तर नाहीच नाही.

हळद आणि तेल: आपल्याकडचा मुख्य डाग

आमटी, रस्सा, मिसळीचा कट, लोणचं, बटाट्याची भाजी, सगळ्यांचा डाग मुळात एकच. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात विरघळतो, अल्कोहोलमध्ये विरघळतो. नुसत्या पाण्याने कितीही धुतलं तरी पिवळं जात नाही ते यामुळे. मिरचीचा लाल रंगही तेलातच राहणारा. दोघांचे दोन कच्चे दुवे आहेत: ऑक्सिजन देणारं ब्लीच त्यांना तोडतं, आणि ऊन त्यांना फिकं करतं. खालचा सगळा क्रम याच्यावरच बेतलेला आहे.

१. पावडर टाकली असेल तर वीस मिनिटांनी ब्रशने झटका. पावडर पिवळी, चिकट झाली असेल तर नवी टाका.

२. उलट्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा. डाळ, गूळ, मीठ निघून जाईल. पिवळं राहील, ते राहू द्या.

३. पाणी झटकून डागावर भांड्याचं लिक्विड थेट टाका, पाणी न घालता. बोटाने किंवा मऊ ब्रशने हलकं मुरवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा.

इथे बहुतेकांची घाबरगुंडी उडते, कारण पिवळा डाग एकदम लालसर, विटकरी होतो. बिघडलेलं काही नाही. कर्क्युमिन अल्कलीत, म्हणजे चुना-सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल होतं; हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर. काही साबण अल्कलीधर्मी असतात, म्हणून हा रंगपालट. पाण्याने साबण निघाला की, किंवा थोडं लिंबू पिळलं की, तो परत पिवळा होतो. पुढच्या पायऱ्यांवर याचा काही परिणाम नाही.

४. तेल गेलं का ते तपासा. कापड वाळवा आणि डागावर पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच मुरला तर तेल गेलं. थेंब वर गोल बसून राहिला तर तिसरी पायरी पुन्हा. ही तपासणी कंटाळवाणी वाटते, पण पुढची सगळी मेहनत हिच्यावर अवलंबून आहे.

५. पिवळं अजून गडद असेल तर स्पिरिट. डागाखाली फडक्याची घडी ठेवा, कापसाने वरून स्पिरिट टिपा. रंग खालच्या फडक्यात उतरतो. फडक्याची जागा बदलत राहा, नाहीतर तोच रंग परत वर चढतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईशेजारी हे करू नका. खिडकी उघडी ठेवा, आणि नंतर कापड नीट धुऊन घ्या.

६. आता ऑक्सिजन ब्लीच. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात कोमट ते गरम, हाताला सोसेल इतक्या पाण्यात पावडर पूर्ण विरघळवा आणि कापड दोन ते चार तास भिजवा. थंड पाण्यात ही पावडर फार सावकाश काम करते, आणि लोक 'काही उपयोग झाला नाही' म्हणतात. हे पावडरचं पाणीही डाग लाल करेल, त्याकडे लक्ष देऊ नका. उरलेलं द्रावण झाकणबंद बाटलीत साठवू नका. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते. पावडर नसेल तर पांढऱ्या सुती कापडावर ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड अर्धा तास.

७. मग नेहमीसारखं धुवा आणि ओलं असतानाच उन्हात घाला, डाग सूर्याकडे करून. मार्च ते मे या महिन्यांतल्या पुण्याच्या दुपारच्या उन्हाला तोड नाही. गच्चीवर, निदान गॅलरीच्या कठड्यावर तरी, अकरा ते तीन. उरलेली पिवळी छटा एका उन्हात बरीच उतरते, दोन-तीन उन्हांत बहुतेक वेळा दिसेनाशी होते. छापील कापड असेल तर डागाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीच्यावर चादर टाका, कारण ऊन छपाईलाही सोडत नाही.

८. छटा दिसत असेपर्यंत इस्त्री नाही आणि ड्रायर नाही. उष्णतेने उरलेलं तेल आणि रंग पक्के होतात.

क्लोरीनचं ब्लीच या यादीत नाही, ते मुद्दाम. पांढऱ्या शुद्ध सुती कापडावर, सगळं करून थकल्यावर, पातळ करून, थोडा वेळ वापरता येतं. ते हळद घालवतं हे खरं, पण धागाही खातं. दर आठवड्याला ब्लीचमध्ये पडणारे नॅपकिन घडीवर विरू लागतात.

टेबलावर कापडाच्या वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायची आपल्याकडे पद्धत आहे. कापड वाचतं, पण हळद त्या प्लॅस्टिकमध्येच मुरते आणि मग घासून काही होत नाही. ते काढून उन्हात टाकणं एवढंच हातात आहे.

चहा

ताज्या चहाला थंड पाणी, भरपूर. दुधाचा चहा असतो, त्यामुळे प्रथिनाचा नियम इथेही लागू. मग एन्झाइमवालं लिक्विड डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवा आणि कोमट पाण्यात धुवा. कपड्याच्या साबणाची वडी घासू नका. चहातल्या टॅनिनचा डाग साबणाने पक्का होतो आणि आणखी काळपट दिसतो. कपाच्या बुडाची जुनी तपकिरी गोल खूण असेल तर एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी असं टिपून धुवा, आणि नंतर ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवा. कॉफीचंही हेच.

आमरस, श्रीखंड, जांभूळ

आमरसाचा डाग वरवर सहज निघतो आणि तिथेच फसवतो. रंग गेला तरी साखर राहते, ती दिसत नाही, आणि इस्त्री फिरली की तपकिरी डाग वर येतो. म्हणून थंड पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या, मग भांड्याचं लिक्विड, मग ऊन. आंब्याचा पिवळा रंगही उन्हाला टिकत नाही. केशर घातलेलं श्रीखंड, बासुंदी यांना थंड पाणी आणि एन्झाइमवालं डिटर्जंट, गरम पाणी अजिबात नाही.

जांभूळ, कोकम यांचा रंग साबणाने निळसर-जांभळा पडतो, म्हणून आधी लिंबू किंवा व्हिनेगर. पक्क्या रंगाच्या सुती कापडावर जांभळाचा ताजा डाग काढायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. डागाचा भाग पातेल्याच्या तोंडावर ताणून रबराने बांधा आणि वरून, हातभर उंचीवरून, उकळतं पाणी सावकाश ओता. भांडं मोरीत ठेवून करा, पाणी उडतं. सोलकढीला हे चालणार नाही. तिच्यात नारळाचं दूध आहे, तेव्हा आधी थंड पाणी आणि लिक्विड, कोकमाचा रंग त्यानंतर.

सणावारांचे डाग

मेणबत्तीचं मेण ओलं असताना हात लावू नका. कापड फ्रीजरमध्ये ठेवा, मेण कडक झालं की खरवडा. उरलेल्यावर खाली-वर साधा कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रंगीत मेणाची छटा स्पिरिटने.

पणती किंवा समईचं तेल जुनं झालं की पिवळं, चिवट होतं. सुती कापडाला लिक्विड लावून, नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवावं. एकदा करून भागत नाही.

गणपतीत मंडईतून केळीची पानं आणता, त्यांच्या देठाचा चीक टेबलक्लॉथवर पडला तर तो काळपट तपकिरी होतो आणि बहुतेकदा कायमचा राहतो. ऑक्सिजन ब्लीचने फिका होतो, इतकंच. पान वाढायला घेण्याआधी देठ कापून ओल्या फडक्याने पुसा आणि थोडा वेळ उभं करून ठेवा.

गंजाचे ठिपके जेवणाचे नसतात. ते गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर किंवा गंजक्या चिमट्यांनी वाळत घातल्याने पडतात. क्लोरीन ब्लीच लावलं तर ते आणखी पक्के होतात. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळत आलं की पुन्हा रस, मग स्वच्छ धुवा. सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबूसत्त्वाचं, पाणीही चालतं.

पाणी आणि पावसाळा

सगळं नीट करूनही कापड राखाडी, कडक होत असेल तर पाणी बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी नळाला येतं तिथे साबणाला फेस चांगला येतो. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं आणि त्यात क्षार जास्त. कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात आणि तो धाग्यावर बसतो. अशा पाण्यात साबणाची वडी टाळून डिटर्जंट वापरा, थोडा धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवा, आणि शेवटच्या खळबळीत पाव वाटी व्हिनेगर घाला. त्या धुण्यात क्लोरीन ब्लीच वापरलेलं नसावं, हे पुन्हा सांगतो.

जून ते सप्टेंबर ऊन नसतं आणि दमट नॅपकिन टोपलीत पडून राहिले की काळे बुरशीचे ठिपके येतात. ते घरात झटकू नका. गॅलरीत कोरडे ब्रश करा, मग गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून रात्रभर भिजवा. रुजलेल्या ठिपक्यांचा रंग थोडा राहतोच. पावसाळ्यात हळदीचे डाग तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे तेल निघेपर्यंत, नक्की न्या. रंगाला मग ऊन पडेल तेव्हा बघता येतं. नुसती पिवळी छटा थांबते, तेल थांबत नाही.

लॉन्ड्रीत देताना

रेशमी, जरीचं, भरतकामाचं किंवा भावनिक किमतीचं कापड असेल तर घरी फक्त टिपा आणि द्या. डाग जितका ताजा तितकं बरं. देताना तीन गोष्टी सांगा: काय सांडलं, कधी सांडलं, आणि तुम्ही त्यावर आधी काय लावलं. तिसरी गोष्ट लोक लपवतात आणि काम करणाऱ्याला तीच हवी असते, कारण लिंबू लावलेल्या आणि ब्लीच लावलेल्या डागाला तो वेगवेगळं काही लावणार असतो. डागाभोवती कच्च्या धाग्याचा एक टाका घालून द्या. आमरसासारखे डाग वाळल्यावर दिसत नाहीत. आणि डाग निघाला नाही तर इस्त्री न करताच परत द्या, असं पावतीवर लिहून घ्या.